ऑफिसच्या कॉम्प्युटरसाठी भरवशाचा मदरबोर्ड निवडताना काय बघावं

तुम्ही विचारलंय की ऑफिसमधले आठ जुने कॉम्प्युटर बदलायचे आहेत. काम म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, एक्सेल, ब्राउझर आणि अधूनमधून व्हिडिओ कॉल. मशीनं निदान सहा वर्षं कुरकुर न करता चालायला हवीत. तर इंटेलच्या प्रोसेसरसाठीचा एच६१० चिपसेटचा बोर्ड घ्यावा, बी७६० चा घ्यावा (चिपसेट म्हणजे बोर्डावरचे भाग एकमेकांना जोडणारी मुख्य चिप) की एएमडीकडे वळावं, आणि मुळात मदरबोर्डात सगळ्यात भरवशाची कंपनी कोणती? शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

असूस, गिगाबाइट, एमएसआय आणि असरॉक या चारही तैवानी कंपन्या अगदी साध्या बोर्डापासून महागड्या गेमिंग बोर्डापर्यंत सगळं बनवतात. एकाच कंपनीचा सगळ्यात खालचा बोर्ड आणि तिचाच ऑफिससाठी काढलेला बोर्ड यांच्यात जेवढा फरक असतो, तेवढा एकाच वर्गातल्या दोन कंपन्यांच्या बोर्डांत नसतो. म्हणून 'अमुक कंपनीच घ्या' असं मी कुणालाच सांगत नाही. चौघांपैकी तुमच्या भागात वॉरंटीची देवघेव कोण नीट करतं, किती दिवसांत बदलून देतं, हे विचारा. नावापेक्षा त्या उत्तराचा उपयोग जास्त.

काही जण अजूनही 'ओरिजिनल इंटेलचा बोर्ड' मागतात. इंटेलने डेस्कटॉप मदरबोर्डच्या धंद्यातून बाहेर पडण्याची घोषणा जानेवारी २०१३ मध्येच केली. आज बोर्डावर इंटेल लिहिलेलं दिसतं ते चिपसेटपुरतं. अनोळखी नावाचे, कोऱ्या खोक्यात येणारे एच६१ बोर्ड याच गैरसमजावर खपतात. एच६१ हा २०११ सालचा चिपसेट आहे, आणि आज नव्या म्हणून मिळणाऱ्या असल्या बोर्डांवर बहुतेकदा जुन्या बोर्डांवरून काढलेल्या चिप पुन्हा बसवलेल्या असतात. त्यांना बायोसचं (मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डातल्याच सॉफ्टवेअरचं) अपडेट कधी येत नाही आणि त्यावर चालणारे प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत. आठ मशीनांत एकही असा बोर्ड घेऊ नका.

आता मूळ प्रश्न. ऑफिससाठी भरवसा म्हणजे नेमकं काय हवंय? बोर्ड कधीच बिघडू नये, ही हमी कुणीच देऊ शकत नाही. तुम्हाला खरं हवंय ते असं: बिघाड क्वचित व्हावा, झाला तर कारण लवकर सापडावं, आणि बोर्ड बदलला तरी त्या टेबलावरचं काम अर्ध्या दिवसापेक्षा जास्त थांबू नये. या तीन गोष्टींसाठी बघायच्या खुणा वेगवेगळ्या आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच खोक्यावर छापलेल्या नसतात.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मला इथून सांगता येणार नाहीत. खोली किती तापते, धूळ किती, वीज किती स्थिर, अर्थिंग धड आहे का, एका टेबलावर एक स्क्रीन लागते की दोन, आणि एखादं जुनं यंत्र अजून सिरियल पोर्टवर (जुन्या प्रकारच्या जोडणीवर) चालतं का. या उत्तरांनी निवड बदलते.

बोर्डाच्या आधी प्रोसेसर ठरवा. तुम्ही सांगितलेल्या कामाला इंटेलचा आय३-१२१०० किंवा आय५-१२४००, नाहीतर एएमडीचा रायझन ५ ५६००जी यांसारखा प्रोसेसर भरपूर झाला. एक अक्षर मात्र नीट बघा. इंटेलच्या नावामागे 'एफ' असेल तर आत ग्राफिक्स नाही. एएमडीच्या ५००० मालिकेत नावामागे 'जी' नसेल तर ग्राफिक्स नाही. असा प्रोसेसर बसवला की बोर्डावर एचडीएमआय पोर्ट असूनही डिस्प्ले येत नाही, मग वेगळं ग्राफिक कार्ड घ्यावं लागतं. ऑफिसच्या मशीनमध्ये ते कार्ड म्हणजे बिघडू शकणारी आणखी एक वस्तू आणि आणखी एक पंखा.

इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटवर (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा) प्रोसेसरच्या १२, १३ आणि १४ अशा तीन पिढ्या चालतात. एएमडीचं एएम४ सॉकेट जुनं झालंय, पण त्यातली दुखणी एव्हाना सगळ्यांना माहीत झालीत आणि बायोस बऱ्यापैकी पक्के झालेत, जे ऑफिसच्या दृष्टीने चांगलंच. एएमडीच्याच नव्या एएम५ सॉकेटवर फक्त डीडीआर५ ही नव्या पिढीची रॅम चालते. पुढे प्रोसेसर बदलायची मुभा हवी असेल तर एएम५ ला अर्थ आहे. खरं सांगायचं तर ऑफिसच्या मशीनचा प्रोसेसर मध्येच बदलताना मी फार क्वचित पाहिलाय. रॅम वाढते, एसएसडी बदलते, आणि मग एक दिवस पूर्ण मशीनच बदलतं. त्यामुळे 'पुढे अपग्रेड होईल' या मुद्द्याला माझ्या हिशेबात फारसं वजन नाही.

एच६१० आणि बी७६० यांतला फरक ऑफिसपुरता सांगतो. एच६१० वर रॅमचे दोनच स्लॉट असतात आणि एम.२ चा (एसएसडी थेट बोर्डावर बसवायचा) स्लॉट बहुधा एकच. बी७६० वर साधारणपणे रॅमचे चार स्लॉट, एम.२ चे दोन किंवा अधिक, शिवाय मागे यूएसबी पोर्ट जास्त. ८ जीबीच्या दोन रॅम आणि एक एनव्हीएमई (एम.२ मध्ये बसणारी, वेगवान प्रकारची) एसएसडी एवढंच लागणार असेल तर एच६१० पुरतो. चिपसेट स्वतः काही कमी भरवशाचा नाही. पण एच६१० हा सगळ्यात खालचा वर्ग असल्यामुळे त्याचे बोर्ड बनवताना कंपन्या बाकीच्या भागांवरही हात आखडता घेतात, आणि तिथे गाडी अडते.

ते बाकीचे भाग कोणते, हे जरा सविस्तर बघू. एसएमपीएसकडून, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याकडून, बोर्डाला १२ व्होल्ट मिळतात. प्रोसेसरला मात्र साधारण १ व्होल्टच्या आसपास लागतं. हे रूपांतर सॉकेटच्या डावीकडे आणि वरच्या बाजूला असलेला भाग करतो. तिथे राखाडी किंवा काळे चौकोनी ठोकळे दिसतात ते चोक, त्यांच्या शेजारी चपट्या काळ्या चिप दिसतात ते मॉस्फेट, आणि आजूबाजूला उभे गोल कपॅसिटर. या सगळ्याला मिळून व्हीआरएम म्हणतात. १ व्होल्टला १०० वॉट म्हणजे जवळजवळ १०० अँपिअर. एवढा करंट वाहताना थोडी जरी गळती झाली तरी तिची उष्णता होते, आणि ती मॉस्फेटवर साठते.

प्रोसेसरच्या खोक्यावरचे '६५ वॉट' वाचून लोक निश्चिंत होतात. आय५-१२४०० चा मूळ आकडा ६५ वॉट आहे, पण टर्बोमध्ये (प्रोसेसर तात्पुरता वेग वाढवतो तेव्हा) तो ११७ वॉटपर्यंत जाऊ शकतो. आय७-१२७०० वरही ६५ वॉटच लिहिलंय, त्याची टर्बोची मर्यादा मात्र १८० वॉट आहे. एएमडीच्या ६५ वॉटवाल्या रायझनची प्रत्यक्ष मर्यादा ८८ वॉटची असते. आता मॉस्फेटवर हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) नसलेल्या स्वस्त एच६१० वर आय७ बसवला तर मशीन सुरू होईल, चालेल, विकणारा दाखवेलही. अर्धा तास जड काम पडलं की व्हीआरएम तापतो, बोर्ड प्रोसेसरचा वेग खाली आणतो, आणि वापरणारा म्हणतो 'दुपारी कॉम्प्युटर स्लो होतो'. मग विंडोज पुन्हा टाकून बघतात, रॅम वाढवून बघतात, आणि तक्रार तशीच राहते.

म्हणून बोर्डाचा फोटो उघडा आणि सॉकेटच्या डाव्या बाजूला धातूचा हीटसिंक आहे का ते बघा. आय३ किंवा जी मालिकेच्या रायझनला तो नसला तरी निभावतं. आय५ ला असलेला बरा, आय७ ला तो हवाच. व्हीआरएमचे फेज (करंट वाटून घेणारे समांतर भाग) किती आहेत याच्या जाहिरातीत फार शिरू नका. मोजण्याची पद्धत प्रत्येकाची वेगळी असते. साध्या बोर्डावर मोठा प्रोसेसर आधीच बसलेला असेल तर बायोसमध्ये जाऊन त्याची वीजमर्यादा ६५ वॉटवर आणून ठेवा. ऑफिसच्या कामात वेगातला फरक जाणवत नाही, तापमानातला जाणवतो.

कपॅसिटरबद्दल लोकांच्या मनात जुनी भीती आहे, आणि तिला कारण आहे. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष इलेक्ट्रोलाइटमुळे असंख्य बोर्डांवरचे कपॅसिटर फुगून फुटले. वरची चकती फुगलेली, कधी तपकिरी द्रव बाहेर आलेला, अशी मशीनं त्या काळात दुरुस्तीच्या टेबलावर रोजचीच होती. आज प्रोसेसरभोवतीचे कपॅसिटर जवळजवळ सगळ्याच बोर्डांवर सॉलिड पॉलिमरचे असतात, त्यामुळे 'सॉलिड कपॅसिटर' हा शिक्का बघून जास्त पैसे मोजायची गरज उरलेली नाही. उष्णतेचा नियम मात्र तोच आहे. इलेक्ट्रोलाइटवाल्या कपॅसिटरचं तापमान १० अंशांनी कमी झालं की आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं, आणि पॉलिमरच्या बाबतीत २० अंशांनी दहापट. कॅबिनेटमागे हवा खेळायला चार बोटं जागा ठेवली आणि वर्षातून दोनदा धूळ काढली, तर त्याचा फायदा महागड्या बोर्डापेक्षा कमी नाही. टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबलेलं कॅबिनेट हा मला दिसणारा सगळ्यात नेहमीचा घात आहे.

पोर्टच्या बाबतीत मागची पट्टी नीट बघा. दोन स्क्रीन लावायच्या असतील तर दोन्ही स्क्रीनना कोणती केबल लागते ते आधी लिहून काढा आणि तेच पोर्ट बोर्डावर आहेत का ते जुळवा. साध्या बोर्डांवर अजूनही व्हीजीए मिळतो, जुन्या स्क्रीन चालवायच्या असतील तर तो कामाचा. एम.२ स्लॉट काही बोर्डांवर फक्त एनव्हीएमई घेतो. जुन्या मशीनमधली साटा (जुन्या, सावकाश जोडणीच्या) प्रकारची एम.२ एसएसडी त्यात बसेल, पण दिसणार नाही. सिरियल पोर्टचं यंत्र असेल तर बोर्डावर कॉम हेडर (त्या पोर्टची पट्टी जोडायच्या पिना) शोधा. त्याला लावायच्या पट्टीच्या तारांची जुळणी दोन वेगवेगळ्या प्रकारची मिळते, तेव्हा पट्टी बोर्डाच्या मॅन्युअलशी ताडून घ्या. नाहीतर हेडर आहे, पट्टी आहे, आणि यंत्र बोलत नाही, असं होतं. मॅन्युअल खरेदीच्या आधीच कंपनीच्या साइटवरून उतरवून वाचता येतं, ते फार थोडे जण करतात.

बिघाडाचं कारण लवकर सापडण्यासाठी एक छोटी सोय फार मोलाची आहे. बोर्डावरचे चार बारीक दिवे: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. मशीन चालू होतं पण डिस्प्ले येत नाही, अशा वेळी डीरॅमचा दिवा अडकून राहिला तर फोनवरूनच सांगता येतं की रॅम काढून, संपर्काच्या पट्ट्या साफ करून परत बसवा. दिवे नसतील तर निदान बझरचं हेडर तरी हवं. या सोयीसाठी मी थोडा वरचा बोर्ड घ्यायला सांगतो. डीडीआर५ घेणार असाल तर हेही ध्यानात ठेवा की पहिल्यांदा चालू केल्यावर रॅमची जुळवाजुळव होताना काही मिनिटं पडदा काळा राहू शकतो. तेवढ्यात घाबरून बटण दाबून बंद करू नका.

बायोसचं अपडेट हा भरवशाचाच भाग आहे. बोर्डाच्या सपोर्ट पानावर जा आणि शेवटचा बायोस कोणत्या तारखेचा आहे ते बघा. २०२४ मध्ये इंटेलच्या १३ आणि १४ पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये व्होल्टेजमुळे अस्थिरता येत असल्याचं उघड झालं. त्यावरचा मायक्रोकोड (प्रोसेसरसाठीचा दुरुस्तीचा कोड) बोर्ड कंपन्यांनी बायोसमधूनच दिला. अपडेट देणं बंद केलेल्या बोर्डाच्या मालकांना तो मिळायचा मार्गच अवघड. सिक्युअर बूटच्या (सुरू होताना फक्त खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणाऱ्या सोयीच्या) २०११ सालच्या प्रमाणपत्रांची मुदतही जून २०२६ पासून संपू लागते, तिथेही ताज्या बायोसचा उपयोग आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा टीपीएम २.० (गुप्त चाव्या सांभाळणारी सुरक्षेची सोय) आणि सिक्युअर बूट दोन्ही चालू करूनच विंडोज ११ टाका. प्रोसेसरविना पेनड्राइव्हवरून बायोस भरायचं बटण मागच्या पट्टीवर असेल तर उत्तम. १४ पिढीचा प्रोसेसर आणि गोदामात पडून राहिलेला जुना बी६६० बोर्ड अशी जोडी आली, तर त्या बटणावाचून बोर्ड परत पाठवावा लागतो.

वायफाय, दिव्यांची रोषणाई, ओव्हरक्लॉकिंग यांत तुमच्या कामाचं काही नाही. नेटवर्कची केबल जिथे पोचते तिथे केबलच लावा.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलं नाही ते सांगतो, कारण बोर्ड मरण्याचं कारण पुष्कळदा बोर्डाबाहेर असतं. बोर्ड चांगला घ्यायचा आणि कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस लावायचा, हा पायाशिवाय भिंत बांधण्याचा प्रकार आहे. १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ च्या आत राहायला हवी, आणि स्वस्त एसएमपीएस जुना झाला की भार पडताच खाली घसरतो. मशीन आपोआप रीस्टार्ट होतं, एसएसडी मध्येच नाहीशी होते, आणि दोष बोर्डाच्या माथी बसतो. अशा तक्रारीत मी आधी दुसरा एसएमपीएस लावून बघतो, मगच बोर्डाकडे वळतो. नाव असलेल्या कंपनीचा, ८० प्लस ब्रॉन्झ दर्जाचा, ४०० ते ४५० वॉटचा एसएमपीएस ग्राफिक कार्ड नसलेल्या मशीनला पुरेसा आहे. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर नवा बोर्ड बसवण्याआधी ते दुरुस्त व्हायला हवं. वीज येत-जात असेल तर प्रत्येक मशीनला यूपीएस.

आठही मशीनं एकाच मॉडेलची घ्या. फक्त नाव जुळून भागत नाही. बोर्डाच्या कोपऱ्यावर बारीक अक्षरांत रिव्हिजन छापलेलं असतं, आणि रिव्हिजन बदललं की लॅनची चिप किंवा व्हीआरएम वेगळा असू शकतो. एकच मॉडेल, एकच रिव्हिजन, एकच बायोस असेल तर एका मशीनची एसएसडी दुसऱ्यात लावून काम पुढे चालवता येतं, आणि शंका आली की चालणाऱ्या मशीनशी अदलाबदल करून दोष शोधता येतो. कंपन्यांच्या ऑफिससाठीच्या मालिका याच कारणासाठी असतात. असूस काही बोर्ड सीएसएम नावाने काढते, ते जास्त काळ उपलब्ध ठेवले जातात आणि बदलाची सूचना आधी मिळते. लांबून, मशीन बंद असतानाही सांभाळायचं असेल तर क्यू६७० चिपसेट आणि व्हीप्रो (इंटेलची लांबून सांभाळण्याची सोय) चालणारा प्रोसेसर अशी जोडी लागते. आठ मशीनं एकाच छताखाली असतील तर त्याची गरज नाही.

शक्य असेल तर नववा बोर्ड आत्ताच घेऊन खोक्यात ठेवा. तीन-चार वर्षांनी तेच मॉडेल नवं मिळत नाही, आणि वॉरंटीत बदलून येणारा बोर्ड कधी दुसऱ्याच मॉडेलचा येतो. बोर्ड बदलताना दोन गोष्टी आडव्या येतात. ओईएम (नव्या मशीनसोबत विकला जाणारा) प्रकारचा विंडोजचा परवाना बोर्डाशी बांधलेला असतो, तेव्हा परवाना कोणत्या प्रकारचा आहे ते खरेदीच्या वेळीच विचारा. दुसरं बिटलॉकर, म्हणजे विंडोजची डिस्क कुलूपबंद करण्याची सोय. टीपीएम त्या प्रोसेसर-बोर्डाच्या जोडीशी निगडित असल्यामुळे बोर्ड बदलला की विंडोज रिकव्हरी की मागतं. ती ४८ अंकी की कुठे लिहून ठेवली नसेल तर एसएसडी शाबूत असूनही आतली माहिती हाती लागत नाही. आठही मशीनांच्या रिकव्हरी की छापून तिजोरीत ठेवा. हे काम आधी करा, बोर्डाची निवड नंतर केलीत तरी चालेल.

तुमच्यासाठी माझी निवड अशी. टेबलावर एकच स्क्रीन आणि आय३ असेल तर मॉस्फेटवर हीटसिंक असलेला एच६१०. आय५, दोन स्क्रीन किंवा दुसरी एसएसडी लागण्याची शक्यता असेल तर मायक्रो-एटीएक्स आकाराचा साधा बी७६०, रोषणाईविना. एएम४ वर ५६००जी हवा असेल तर बी५५० चिपसेटचा बोर्ड. आकार २४४ बाय २४४ मिलिमीटरचा हा मायक्रो-एटीएक्स ठेवलात तर पुढे बदली बोर्ड कुठल्याही नेहमीच्या कॅबिनेटमध्ये बसेल.

आठही एकदम मागवू नका. एक मशीन बनवा, रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) चालवा, मग तुमच्यातल्या सगळ्यात जास्त काम असलेल्या माणसाच्या टेबलावर दोन आठवडे ठेवा: त्याचा प्रिंटर, त्याच्या स्क्रीन, त्याचं जुनं यंत्र सगळं जोडून. स्लीपमधून नीट उठतं का, वीज गेल्यावर आपोआप चालू होण्याची बायोसमधली सोय काम करते का, दुपारी हीटसिंक हात लावता येईल इतपतच तापतो का, हे त्या काळात कळतं. सगळं ठीक निघालं की त्या बोर्डाचं मॉडेल आणि रिव्हिजन लिहून विक्रेत्याला द्या आणि उरलेले सात, अधिक तो खोक्यातला एक, नेमके तेच मागवा.